टाइपरायटर दुरुस्त करणारा सैनिक आणि कमोडोर ६४

लेखक: पेठेतला वाचक

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माळ्यावरून वडिलांचा गोदरेजचा मराठी टाइपरायटर खाली काढला. वडील जिल्हा न्यायालयाच्या आवारात झाडाखाली बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. त्या एका मशिनवर आमची तिघा भावंडांची शिक्षणं झाली. ते पुसताना एका माणसाची सारखी आठवण होत होती, कारण त्याचंही घर आधी टाइपरायटरवरच उभं राहिलं. त्याचं नाव जॅक ट्रॅमिएल, कमोडोर ६४ हा घरगुती संगणक बनवणाऱ्या कमोडोर कंपनीचा संस्थापक. मला जुन्या संगणकांबद्दल वाचायचा नाद आहे, पण या माणसाकडे मी संगणकामुळे ओढला गेलो नाही.

ट्रॅमिएलचा जन्म १३ डिसेंबर १९२८ चा, पोलंडमधल्या वूच शहरातला. नकाशावर आपण ते नाव लॉद्झ असं वाचतो. ज्यू कुटुंबातला एकुलता एक मुलगा. जर्मन फौजा शहरात शिरल्या तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तिथल्या ज्यूंना एका वस्तीत कोंडून कुंपण घातलं. तिथे कापडाचे, शिवणकामाचे कारखाने होते आणि काम करणाऱ्यालाच जगण्याची थोडीफार आशा होती. हाही तिथे राबला. ऑगस्ट १९४४ मध्ये ती वस्ती रिकामी केली आणि आई, वडील, मुलगा तिघांची रवानगी ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत झाली. तिथून बापलेकांना जर्मनीतल्या हॅनोव्हरजवळच्या अहलेम इथल्या मजुरांच्या छावणीत नेलं. वडील तिथून परत आले नाहीत. १० एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेच्या ८४ व्या इन्फंट्री डिव्हिजनचे सैनिक अहलेममध्ये पोचले तेव्हा हा सोळा वर्षांचा होता.

१९४७ साली तो न्यूयॉर्कला उतरला. एका दिव्यांच्या दुकानात झाडलोट, पडेल ते काम केलं. आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. ज्या फौजेने आपल्याला सोडवलं त्याच फौजेत.

आता माझा मुद्दा. ट्रॅमिएलबद्दल लिहिणारे हटकून म्हणतात की फौजेने त्याला शिस्त लावली, नेतृत्व शिकवलं. मला हे पटत नाही. ज्याने पाच वर्षं कुंपणाआड काढली, ऑशविट्झच्या फलाटावर कोण जगणार कोण मरणार याची निवड होताना पाहिली, त्याला चिकाटी शिकवायला फौज कशाला लागते? फौजेने त्याला त्याहून साध्या दोन गोष्टी दिल्या. एक, हातात स्क्रूड्रायव्हर दिला. कचेरीतली यंत्रं, मुख्यतः टाइपरायटर, दुरुस्त करण्याचं काम तो तिथे शिकला. दोन, बाहेर पडल्यावर माजी सैनिक म्हणून कर्जाचा हक्क दिला. १९५३ साली टॅक्सी चालवत असताना त्याने २५,००० डॉलरचं कर्ज उचललं आणि ब्राँक्समध्ये एक दुरुस्तीचं दुकान घेतलं. नाव ठेवलं कमोडोर पोर्टेबल टाइपरायटर. त्याला खरं तर जनरल किंवा ॲडमिरल असं भारदस्त लष्करी नाव हवं होतं, पण ती आधीच कोणीतरी घेतलेली होती. म्हणून कमोडोर, नौदलातला एक हुद्दा.

विचार करा, सहा वर्षांपूर्वी देशात आलेला, पोलिश उच्चारात इंग्रजी बोलणारा, टॅक्सी चालवणारा पोरगा. ना घर, ना जमीन, ना जामीन राहायला काका. त्याला कोणत्या बँकेने दारात उभं केलं असतं? अमेरिकेने १९४४ साली परतणाऱ्या सैनिकांसाठी जो कायदा केला, त्यातून लाखो लोक कॉलेजात गेले, घरं झाली. अशा हक्कांतून एका निर्वासिताचं दुकानही उभं राहिलं. पुढचं सगळं त्या दुकानातून आलं: टाइपरायटर, मग बेरजेची यंत्रं, मग कॅल्क्युलेटर, मग संगणक.

१९५५ मध्ये तो टोरंटोला गेला आणि कमोडोर बिझनेस मशीन्स काढली. कारण व्यवहाराचं होतं. चेकोस्लोव्हाकियातून टाइपरायटरचे भाग आणायचे होते, आणि शीतयुद्धाच्या त्या काळात तो माल थेट अमेरिकेत आणणं अशक्य होतं, कॅनडात शक्य होतं. योगायोग बघा, त्याच १९५५ साली आपल्याकडे गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर बाजारात आणला.

पुढचं जाणकारांनी लिहावं. मला इथल्या माजी सैनिकांना विचारायचं आहे: फौजेत शिकलेला हातचा हुन्नर घेऊन धंद्यात उतरलेलं कोणी आहे का? बाहेर आल्यावर काय मिळालं, काय नाही?

---

मस्कत ते मुलुंड

धागा वाचून डोळे भरून आले. १९८६ साली मामाने मस्कतहून कमोडोर ६४ आणला होता. आमच्या अख्ख्या चाळीत तो एकच संगणक. टीव्हीला जोडायचा, निळा पडदा यायचा आणि वर लिहिलेलं असायचं, ३८९११ बेसिक बाइट्स फ्री. तो आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही. कॅसेटवरून खेळ चढायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात आई पोळ्या करून मोकळी व्हायची.

त्याच सुमारास काही निवडक शाळांत सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले होते, पण आमच्या शाळेत नव्हता. मी आज या क्षेत्रात आहे तो त्या तपकिरी डब्यामुळे. तो बनवणारा माणूस ऑशविट्झमधून आलेला होता हे आज कळलं.

---

आकडेमोड

लेखकाने जाणकारांवर सोडलेला भाग थोडक्यात लिहितो.

सत्तरच्या दशकात कमोडोर कॅल्क्युलेटर विकत होती, पण आतली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून घ्यायची. टेक्सासने स्वतःच कॅल्क्युलेटर बाजारात उतरवले आणि १९७५ च्या आसपास किंमत अशी पाडली की कमोडोरला भाग जेवढ्याला पडत होते, त्याहून स्वस्तात टेक्सासचं तयार यंत्र मिळू लागलं. बोमार नावाची मोठी कंपनी याच लाटेत बुडाली. कमोडोर वाचली ती अर्विंग गूल्ड या भांडवलदाराच्या पैशामुळे. ट्रॅमिएलने यातून एकच धडा घेतला: चिप दुसऱ्याच्या हातात असेल तर आपली मानगूटही त्याच्याच हातात. १९७६ मध्ये त्याने एमओएस टेक्नॉलॉजी ही चिप कंपनीच विकत घेतली. तिथे चक पेडल हा इंजिनिअर होता. त्याच्या चमूने केलेला ६५०२ हा प्रोसेसर २५ डॉलरला मिळत होता, तेव्हा बाकीच्यांचे त्याच्या कितीतरी पट महाग होते. पेडलने ट्रॅमिएलला पटवलं की कॅल्क्युलेटर संपले, आता संगणक करायचा. १९७७ मध्ये पेट नावाचा संगणक आला. मग व्हिक २०, विक्रीत दहा लाखांचा टप्पा गाठणारा पहिला संगणक. आणि १९८२ मध्ये कमोडोर ६४, किंमत ५९५ डॉलर. आयबीएमचा पीसी आदल्याच वर्षी १५६५ डॉलरपासून सुरू झाला होता.

५९५ ला विकलेलं यंत्र बनवायला अंदाजे १३५ डॉलर लागत होते, कारण प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप सगळं घरचं. त्यामुळे १९८३ मध्ये किंमत २०० डॉलरपर्यंत खाली आणता आली. समोर कोण होतं? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच, त्यांच्या घरगुती संगणकासह. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रचंड तोटा सोसून टेक्सास या धंद्यातून बाहेर पडली. आठ वर्षांनी हिशेब चुकता झाला.

६४ च्या एकूण विक्रीचे अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी सत्तर लाखांपर्यंत जातात. एकाच मॉडेलचा संगणक म्हणून हा विक्रमच आहे.

जानेवारी १९८४ मध्ये, कंपनी शिखरावर असताना, गूल्डशी फाटलं आणि ट्रॅमिएल बाहेर पडला. सहा महिन्यांत त्याने अटारीचा घरगुती विभाग घेतला आणि आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध उभा राहिला. कमोडोर १९९४ साली बुडाली.

---

भोसरी वर्कशॉप

लेख मनापासून लिहिलाय, पण मी या माणसाचा गौरव करू शकत नाही.

ट्रॅमिएल म्हणायचा, धंदा म्हणजे युद्ध. पुरवठादारांचे पैसे शक्य तितके लांबवणं ही त्याची ख्याती होती. मी भोसरीत चौदा वर्षं छोटं वर्कशॉप चालवतो. पुरवठादाराचे पैसे लांबवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. एका बड्या कंपनीने माझं बिल अकरा महिने अडकवलं. कायदा २००६ पासून आहे, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे. तक्रार करता येते. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्या अकरा महिन्यांत बायकोचे दागिने गहाण पडले आणि दोन कामगार सोडून गेले. त्यातला एक अप्रतिम टर्नर होता, तो पुन्हा मिळाला नाही.

त्यामुळे कोणी पुरवठादारांना पिळून जगाला स्वस्त संगणक दिला असं म्हटलं की मला ते अप्रतिम हात आठवतात. तो छळातून आला होता म्हणून त्याला हे माफ करायचं का?

---

पेठेतला वाचक

भोसरी वर्कशॉप दादा, तुमचं लिहिणं वाचून थांबलो. तुमचं बरोबर आहे, आणि मी ते लेखात टाळलं ही माझी चूक. माफ करायचं असं मी म्हणणार नाही. ज्याला टेक्सासने पिळलं त्यानेच पुढे छोट्यांना पिळावं, हे मला सर्वांत जास्त बोचतं. वेदना सोसलेला माणूस दुसऱ्याची वेदना ओळखेलच असं नसतं.

आणखी एक राहिलं. १९६५ साली कॅनडात अटलांटिक ॲक्सेप्टन्स ही वित्तसंस्था कोसळली. तिचा प्रमुख कमोडोरच्या संचालक मंडळाचा अध्यक्षही होता. ट्रॅमिएलची चौकशी झाली, आरोप ठेवले गेले नाहीत, पण कंपनीचं नाव खराब झालं आणि पैसा आटला. त्यातूनच गूल्ड आला. म्हणजे डाग काही एकच नाही.

तरीही सगळं तोलून माझं मत एवढंच उरतं की त्याने संगणक मूठभरांसाठी नाही, सगळ्यांसाठी असं म्हटलं आणि ते करून दाखवलं. मुलुंडच्या चाळीत तो पोचला.

---

भोसरी वर्कशॉप

एवढं मान्य केलंत, मला पुरे. चाळीतल्या पोराचं मीही नाकारत नाही.

---

लोअर सॅक्सनीकर

मी गेली नऊ वर्षं हॅनोव्हरमध्ये आहे. अहलेम आता शहराचाच भाग आहे, ट्रामने जाता येतं. तिथे एक स्मृतिस्थळ आहे, पण पाहुण्यांचा नेहमी एक घोळ होतो. स्मृतिस्थळ आहे ती ज्यूंची जुनी बागकाम शाळा. तिथून ज्यूंना छावण्यांकडे धाडलं जायचं, पुढे गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, ठाणंही तिथे होतं. ट्रॅमिएल ज्या छावणीत होता ती वेगळी, डांबराच्या खाणीजवळची. जमिनीखाली कारखाना हलवता यावा म्हणून कैद्यांकडून त्या खाणीतले बोगदे रुंद करून घेत होते. थंडीत, ओलीत, उपाशी पोटी.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा नोव्हेंबर होता. मला परतीच्या ट्राममध्ये बोलता येईना.

दोन गोष्टी सांगते. छावणी सोडवणाऱ्या ८४ व्या डिव्हिजनमध्ये व्हर्नन टॉट नावाचा एक साधा सैनिक होता. त्याच्याजवळ छोटा कॅमेरा होता, त्याने तिथल्या लोकांचे फोटो काढले. पन्नास वर्षं ते त्याच्या घरी पडून होते. मग त्याने त्या फोटोंतल्या माणसांचा शोध घ्यायला सुरुवात केली, आणि कित्येकांना शोधून काढलं. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (ज्यूंच्या नरसंहाराच्या) संग्रहालयाच्या उभारणीत ट्रॅमिएलचा मोठा वाटा होता. त्याने तिथल्या भिंतीवर टॉटचं नाव कोरून घेतलं, माझा मुक्तिदाता आणि नायक असं म्हणून. भोसरीच्या दादांचा राग रास्तच आहे, पण ज्याचं देणं लागतो ते हा माणूस विसरला नव्हता.

दुसरी गोष्ट. कमोडोरचा जर्मनीतला कारखाना ब्राउनश्वाइगला होता. अहलेमपासून गाडीने तासाभराच्या आत. ज्या मातीत वडील गेले, तिथून एवढ्याशा अंतरावर त्याने कारखाना उभारला आणि जर्मन माणसांना कामं दिली. मी रोज त्याच महामार्गाने कामाला जाते. यामागे त्याच्या मनात काय असेल, याचा विचार अनेकदा मनात येतो.

याच ८४ व्या डिव्हिजनमध्ये हेन्री किसिंजरही होते. जर्मनीतून पळून आलेले ज्यू, सैन्यात असतानाच १९४३ मध्ये अमेरिकेचे नागरिक झालेले. तेही अहलेमला पोचले होते. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल इथे वाद नको, पण सोडवणारे आणि सुटलेले, दोघांतही निर्वासित होते.

---

करवीरकर

पोलंडचं नाव निघालं म्हणून. ज्या काळात हा मुलगा कुंपणाआड होता, त्याच काळात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले, इराणमार्गे आलेले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. आजी सांगायची, त्या बायका बाजारात यायच्या आणि मोडक्यातोडक्या मराठीत भाव करायच्या.

यांची वाट वेगळी, ट्रॅमिएलची वेगळी, हे मला समजतं. पण एकाच देशातली मुलं, एकाच वर्षी, एक वळिवड्याला शाळेत आणि एक ऑशविट्झला. आजीला हे कळलं असतं तर तिने त्या बायकांशी भावावरून घासाघीस केली नसती, एवढं मात्र वाटलं.

---

आकडेमोड

फौज आणि भांडवल यांची अशीच एक जोड. जॉर्ज डोरिओ, जन्म पॅरिसचा, पहिल्या महायुद्धात फ्रेंच तोफखान्यात. १९२१ मध्ये अमेरिकेत आला, हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात ब्रिगेडियर जनरल. १९४६ मध्ये नव्या उद्योगांना भांडवल देणारी एआरडी ही कंपनी काढली. १९५७ साली दोन तरुण इंजिनिअरांना ७०,००० डॉलर दिले, त्यातून डिजिटल इक्विपमेंट ही संगणक कंपनी उभी राहिली. आज आपण व्हेंचर कॅपिटल म्हणतो त्याची सुरुवात करणाऱ्यांत हा माणूस. त्याच्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

---

सातारी माजी सैनिक

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असतो, पण प्रश्न आमच्यासारख्यालाच विचारलाय म्हणून लिहितो. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

मी १९७९ ला भरती झालो, ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत. ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. ट्रेनिंग सिकंदराबादला. दुर्बिणी, तोफेच्या साइट, कंपास हे आमचं काम. पण वर्कशॉपला ऑफिसची मशिनंही यायची, टाइपरायटर, सायक्लोस्टाइल. बाकीची पोरं ती टाळायची, कारण त्यात मान नव्हता. मला गोडी लागली. दुर्बीण बिघडली तर दिसत नाही एवढंच कळतं. टाइपरायटर कुठे दुखतंय ते आवाजावरून सांगतो.

१९९६ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, वय सदतीस. दोन मुलं शाळेत. ज्याला भेटेन तो सांगायचा, माजी सैनिक ना, मग सिक्युरिटीत लागा. त्या कामाला मी कमी लेखत नाही, माझे कितीतरी मित्र ते इमानाने करतात. पण सतरा वर्षं ज्या हातांनी मायक्रोमीटरवर काम केलं, ते हात गेटचं रजिस्टर भरायला द्यायचे, हे मनाला पटेना.

एका बँकेत कर्जाला गेलो. डिस्चार्ज बुक दाखवलं, त्यावर ट्रेड लिहिलेला, वर्तणूक लिहिलेली. साहेबांनी ते उघडलंसुद्धा नाही. तारण काय विचारलं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, त्यातला एक सही द्यायला तयार नाही. सहा चकरा मारल्या आणि सोडून दिलं. पेन्शनचा काही भाग विकून जे एकरकमी पैसे मिळतात त्यात दुकान टाकलं. म्हणजे महिन्याची पेन्शन पंधरा वर्षं कमी झाली. बायकोने एका शब्दाने विरोध केला नाही.

टाइपिंग इन्स्टिट्यूट तेव्हा गल्लोगल्ली होत्या, काम भरपूर. दहा वर्षांत संगणकाने ते संपवलं. तोवर मी इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांकडे वळलो होतो, वैधमापन, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं दुरुस्तीचं लायसन्स काढलं. आज अकरा जण कामाला आहेत, त्यातले चार माजी सैनिक. घेताना मी आधी डिस्चार्ज बुक मागतो आणि ट्रेडचं पान त्यांच्यासमोर पूर्ण वाचतो.

त्या ट्रॅमिएल साहेबांना २५,००० डॉलर फौजेच्या नावावर मिळाले हे वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. जळफळाट नाही हा. मला एकच वाटलं, आमच्या तुकडीत माझ्यापेक्षा तयार हाताची निदान पाच पोरं होती. त्यांना भाऊ सही देणारे नव्हते आणि पेन्शन विकायची हिंमत नव्हती. ती पोरं आज गेटवर आहेत.

भोसरीच्या साहेबांना सांगतो, माझ्याकडे स्प्रिंग आणि पिना देणारा एक म्हातारा आहे. त्याचे पैसे मी शनिवारी देतो, दर शनिवारी.

---

भोसरी वर्कशॉप

काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळालं असतं तर तो टर्नर आज माझ्याकडे असता.

---

मस्कत ते मुलुंड

काका, तुमच्या दुकानाचं नाव इथे लिहू नका, पण लेखकाला व्यक्तिगत निरोपात नक्की कळवा. वडिलांच्या मशीनचं काम तुमच्याच हातून व्हायला हवं.

---

पेठेतला वाचक

काका, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती ऐकत होती आणि मशीनवर हात फिरवत होती.

एक विचारतो. वडिलांच्या मशीनची बाकी अक्षरं उठतात, पण चार-पाच दांड्या वर जाऊन तिथेच चिकटतात, बोटाने खाली ओढाव्या लागतात. सर्वांत वाईट अवस्था ‘ळ’ची आहे. भावाने त्यात तेल सोडलं, तर आणखीच घट्ट झालं.

---

सातारी माजी सैनिक

तेल सोडायला नको होतं. दांड्या ज्या खाचांत बसतात तिथे तेल गेलं की धूळ धरतं आणि त्याचा डिंक होतो. आता आणखी तेल सोडू नका. जुना दातांचा ब्रश घ्या, स्पिरिटमध्ये बुडवून फक्त त्या खाचा घासा, दांडी वरखाली करत राहा, कापडाने टिपा. तीन-चार वेळा करा. दांडी वाकवून सरळ करायला जाऊ नका, अक्षराची ओळ कायमची बिघडते.

तेवढ्याने ‘ळ’ सुटला नाही तर मशीन घेऊन साताऱ्याला या. येताना वडिलांनी टाइप केलेला एखादा जुना कागद आणा. अक्षर आधी कुठे बसत होतं ते त्यावरून बघून तसंच लावून देईन.